टिकारामचा दात

पोराला आखाड्यात कोणत्या वयात घालावं, असं कोणी माझ्या बापाला विचारलं तर तो पोराचं वय विचारत नसे. तो पोराचं तोंड उघडत असे. बैलबाजारात गोऱ्ह्याचं उघडतात तसंच. एक अंगठा वरच्या ओठावर, एक खालच्या, आणि मान जरा उजेडाकडे. पुढचे दात आपोआप पडायला लागलेले असले तर पोरगं आत. नसले तर, "घेऊन जा गा. अजून दुधावर आहे." मग ते पोरगं सहाचं असो की नवाचं.

एकदा कोहमाऱ्याकडून एक मास्तर पोराला घेऊन आला. सोबत जन्माचं टिपण होतं. तारीख, वार, नक्षत्र, घटका, सगळं. बापाने कागद दोन्ही बाजूंनी पाहिला, कारण त्याला वाचता येत नव्हतं, आणि परत देत म्हणाला, "याच्यात दात कुठं लिवले आहेत?"

पडलेला दात पोराने पळसाच्या पानात गुंडाळून आणायचा. बाप तो डोळ्यांनी कमी आणि बोटांनी जास्त पाही. मग मारुतीच्या बाजूला आखाड्याच्या मातीत वीतभर खोल पुरून टाकी. त्या दिवसापासून पोरगं पट्ठा. बाकीच्या गावांत पडलेले दात कौलांवर फेकतात. आमच्या हिरडाटोल्यात पोरींचे कौलांवर आणि पोरांचे आखाड्यात. असं काऊन, हे पोरींनी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर बापाची पंचाईत झाली असती.

माझा बाप म्हणजे सेवकराम वस्ताद. दोन एकर धानाच्या बांध्या, एक बैलजोडी आणि एक डावा हात. हात वेगळा सांगतो, कारण तो सरळ होत नसे. त्याच्या बापाने त्याला चौथ्या वर्षी मातीत उतरवलं होतं. पोरगं लौकर तयार व्हावं म्हणून. आठव्या दिवशी कोपर निखळलं. वैदूने ते बसवलं, पण वैदूला घाई होती, त्याच्या घरी त्या दिवशी लग्न होतं. तेव्हापासून तो हात पोटाशी वाकलेलाच राहिला. रोवण्याच्या दिवसांत बाप उजव्या हाताने पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, चिखलात खोची आणि डावा हात पुढे धरी, जशी कोणाला न दिसणारी एक पेंडी त्यात आहे. कुस्ती मात्र त्या एका हाताने अशी करी की समोरच्याला आपले दोन हात जास्तीचे वाटत.

"आतलं हाड तयार झालं का थे जुन्या दाताले बाहीर ढकलते," बाप म्हणे. "तोपरंत पोट्ट्याचं हाड म्हंजे भेंडी. वाकन का तुटन, कोनाले मालूम?"

नियम त्या कोपरातून निघाला होता. त्यामुळे त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

आणि मी, त्याचा एकुलता पोरगा, सात वर्षांचा झालो होतो, आणि माझा एकही दात हलत नव्हता.

देश स्वतंत्र झाला त्या पावसाळ्यात मी जन्मलो. त्या वर्षी हिरडाटोल्यात जन्मलेलं पोरगं मी एकटंच. गावाचं लक्ष बहुतेक दुसरीकडे होतं. माझ्या मागून आलेल्या खेमराजचे समोरचे दोन दात सहाव्याच वर्षी पडले, आणि तो त्या फटीतून पिचकारी मारून कुंपणावरचा सरडा पाडायला शिकला. तो आखाड्यात, मी कुंपणाबाहेर. आत झाडू मी मारायचा, माती मी भिजवायची, मातीत टाकायचं ताक घरून मी आणायचं. पण पहाटे बापाने "बजरंगबली" म्हटलं की बाहेर व्हायचं.

"वत्तादाचा पोरगा अना दुधावर!" खेमराज म्हणे. दात नसल्यामुळे त्याला स म्हणता येत नव्हता, पण टोचायला पुरेसं येत होतं.

मालगुजारी गेली त्याच्या चौथ्या पावसाळ्याची ही गोष्ट.

आखाड्याची जागा जुन्या मालगुजाराची. गावाची ढोरं जमतात त्या आखराला लागून, गाडीवाटेच्या तोंडावर. त्या म्हाताऱ्याने भर गावात शब्द दिला होता की नागपंचमीला जोपर्यंत सात शिकणारे पट्ठे या मातीत उतरतील, तोपर्यंत जागा आखाड्याची. शिकून मोठे झालेले मोजायचे नाहीत, शिकणारेच मोजायचे. सातच का, तर तेव्हा त्याला स्वतःला सात नातू होते. म्हातारा गेला, नातू नागपूरकडे पांगले, आणि जागा पुतण्याकडे आली. पुतण्या गुलाबचंद. गोंदियाला राहायचा, मनगटी घड्याळ लावायचा, आणि त्याला गाडीवाटेच्या तोंडावर धान भरडायची गिरणी टाकायची होती.

गेल्या नागपंचमीला आमचे आठ होते. आषाढी पुनवेच्या आखाडीनंतर श्यामलाल आपल्या दोन पोरांसकट बालाघाटकडे खाणीवर निघून गेला. त्याच्या बांधीत दोन वर्षं धान कमी आणि खेकडे जास्त निघत होते. जाताना पोरं बापाच्या पाया पडली. बापाने दोघांना दोन लंगोट दिले आणि ती वाट वळेपर्यंत उजवा हात हलवत राहिला. मग बोटांवर मोजलं. सहा.

गुलाबचंदनेही मोजलं असणार, कारण चार दिवसांनी तो आला. आम्ही बांधीत होतो. माय आणि बाप वाकून रोवत होते, मी पऱ्ह्यांच्या पेंड्या फेकत होतो. पाऊस रिपरिप चालू. गुलाबचंद धुऱ्यावर उभा राहिला. चिखलात उतरायला नको म्हणून त्याने तिथूनच हाक दिली.

"वस्ताद! राम राम. काम जोरात है."

बाप कमरेतून उठला. गुडघ्याच्या वरपर्यंत चिखल, पोटरीला जळू लागलेली. त्याने ती ओढली नाही. पाहुण्यासमोर जळू ओढणं त्याला बरं वाटलं नसावं.

"राम राम शेठ."

"देखो, मी काही वाईट माणूस नाही," गुलाबचंद म्हणाला. असं कोणी आपणहून म्हटलं की माय लगेच रोवणं थांबवून ऐकायला लागे. "काकाजी बोलले सात. मी आठ नाही मागत. नागपंचमीला मी येतो, सात मोजतो, चूपचाप वापस जातो. सात नाही झाले तर मग मंगळवारी माझे गवंडी येतील."

"होतीन," बाप म्हणाला.

"कुठून?"

जळूने पोट भरलं आणि ती आपोआप गळून पडली. गुलाबचंद तिथून आखाड्याकडे गेला. छत्री मिटून तिनेच त्याने जागा मोजायला घेतली. एक छत्री, दोन छत्र्या, तीन छत्र्या. पाऊस त्याच्या डोक्यावर पडत होता. मोजून झाल्यावर त्याने छत्री उघडली. तेव्हा तो पुरता भिजला होता.

"मी सांगू का?" माय म्हणाली. ती रोवताना बोलायची आणि बोलताना रोवायची. "पोराले घाला ना आत. घरातच सातवा बसला आहे अना तुमी गावभर हुडकून राहिले."

"दात नाही पडला त्याचा."

"दातानं कुस्ती खेळते का तो?"

"अवो, मी माह्या बापाचा पोरगा होतो म्हून चार वर्साचा उतरलो," बाप म्हणाला आणि डावा हात जरा वर केला, जितका होत होता तितका. "हा पाय ना."

मायने पाहिलं नाही. तो हात ती लग्नापासून पाहत होती. रात्री पाऊस वाढला की त्याला मोहाचं तेल तीच चोळायची.

माझ्यावर मग सगळ्या गावाचे उपाय सुरू झाले. माय मला भाजलेली लाखोळीची डाळ मुठीमुठीने देई. मी दिवसभर ती चघळी. दात चकचकीत झाले. कोणी सांगितलं, कच्चा पेरू खा. मी खाल्ले, त्याने भलतंच झालं, आणि दोन दिवस मी बांधीच्या धुऱ्यावर कमी आणि धुऱ्याच्या पलीकडे जास्त होतो. खेमराजने सांगितलेला उपाय सगळ्यात पक्का होता. दाताला दोरा बांधायचा, दोऱ्याचं दुसरं टोक बैलाच्या शेपटीला, आणि बैलाला हाकलायचं.

मी तसं केलं. बैल बसला.

तो सकाळपासून चिखलणी करून आला होता, त्याची चूक नव्हती. पण तो शेपटीवर बसला, आणि दोरा वीतभरच उरला. मी त्याच्या मागे तोंड वासून वाकलो होतो. मला हाकही मारता येत नव्हती, आणि मारून बैलाचं मन वळलं असतं असंही नव्हतं. किती वेळ गेला माहीत नाही. बैल रवंथ करत होता. मधूनमधून त्याचं इतर कामही चाललं होतं.

बाप गोठ्यात आला. त्याने आम्हा दोघांकडे पाहिलं, आधी बैलाकडे. मग कुडातला इळा काढून दोरा कापला.

"हे पाय बाबू," तो म्हणाला, आणि माझं तोंड धोतराच्या सोग्याने पुसलं. "हिरव्या धानाले कोनी इळा लावत नाही. पिकू दे."

"पन मंगळवारी गवंडी येतीन."

"येऊ दे."

"मंग आखाडा जाईन."

"जाईन," बाप म्हणाला. तो बैलाच्या पाठीवर हात फिरवत होता, वाकडा हात. "तुहा हात नाही जानार."

आखाडा गेला तर बाप काय करील, हे मला समजत होतं. काहीच करणार नाही. पहाटे उठेल, सवयीने तिथपर्यंत जाईल, आणि गिरणीच्या भिंतीसमोर उभा राहील. मला ते पाहायचं नव्हतं. म्हणून नागपंचमीच्या दोन दिवस आधी मी आखरामागच्या उकिरड्यावरून एक दात शोधून काढला. बोडीच्या पाण्यात धुतला, राखेने घासला. पळसाच्या पानात गुंडाळला. दुपारी बाप भात आणि तरोट्याची भाजी खात बसला होता, तिथे नेऊन ठेवला.

"पडला," मी ओठ मिटून म्हणालो.

बापाने हात धुतला. दात बोटात घेतला. अंगठ्याने त्याच्या अंगावरून फिरवला, मग धारेवरून, मग मुळावरून. बराच वेळ. मायही चुलीपाशी थांबली.

"या दातानं बोरीचा पाला खाल्ला आहे," बाप म्हणाला.

मी ओठ आणखी घट्ट मिटले.

"तू बोरीचा पाला खाते का?"

"नाई."

"मंग जिचा आहे तिले देऊन ये."

तो मारेल असं वाटलं होतं. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्याने परत भातात हात घातला, आणि मला तो दात घेऊन निघावं लागलं.

बापाचा शब्द म्हणजे शब्द. संध्याकाळी ढोरं परत आली तेव्हा मी आखरावर टिकारामपाशी गेलो. टिकाराम म्हणजे गावाचा गायकी. सत्तर-ऐंशी ढोरं रोज सकाळी आखरावर गोळा करायची, नागझिऱ्याच्या बाजूला रानाच्या कडेने चारायची, दिवस बुडताना परत आणायची, हे त्याचं काम. वयाने तोही सत्तरच्या आसपास. त्यालाही नीट माहीत नव्हतं. तोंडात एकच दात होता, खालच्या बाजूला, समोर. बिडी तो त्या दातावर टेकवून ओढत असे.

"आजा, हा दात कोनत्या बकरीचा?"

टिकारामने दात मावळत्या उजेडाकडे धरला. "हे तं केशोरावची काबरी. दिवाळीत गाईगोधनले कापली. कायले पायजे?"

"तिले परत द्याचा आहे."

त्याला यात विचित्र काही वाटलं नाही. "ते आता केशोरावच्या पोटात आहे," तो म्हणाला. मग त्याने मला खाली बसवलं आणि मी सगळं सांगितलं. सहा पट्ठे, मंगळवारचे गवंडी, बैल, लाखोळी. तो हसला नाही. ढोरं आपापल्या गोठ्यांकडे निघाली होती. त्यातली एक म्हैस थांबून आमचं ऐकत होती.

"मी रोज पायतो," टिकाराम म्हणाला. "इथं ढोरं गोरा व्हवाची वेळ अना तिथं जोर-बैठका सुरू व्हवाची वेळ एकच. साठ साल झाले. तुह्या बापाच्या बापाचे डावही पायले मी. उभ्या उभ्या."

"मंग गेला काऊन नाही?"

"तवा आखाडा मालगुजाराच्या घरच्या पोट्ट्यांचा. अना माहे दात पडले तवा मी आठ म्हशी राखून राहिलो होतो."

"दात कुठं टाकले?"

"बोडीत." त्याने बिडी विझवली. "कोनी मांगतलेच नाही."

बोलताना त्याची जीभ त्या एकट्या दाताला ढकलत होती. दात पुढे जाई, मागे येई.

"आजा, हा हालते का?"

"तीन साल झाले हालून राहिला."

मी जवळ सरकलो. "ओढू का?"

टिकारामने काठी उचलली. "वस्तादाचा पोरगा ना तू? ओढू का म्हंते! पडला पायजे तो. आपल्या मनानं."

नागपंचमीला नांगर बंद, रोवणा बंद, घरात तवा बंद. मायने उकडलेले दिंडे केले होते. आखाड्याची माती आदल्या दिवशीच खणून ठेवली होती, ती पहाटे हळद, तेल, ताक घालून मऊ केली. मारुतीला शेंदूर लावला. सहा जण लंगोट घालून रांगेत उभे राहिले, खेमराज शेवटी. मी कुंपणाबाहेर. सगळं गाव जमलं, कारण गवंडी येणार की नाही हे गावालाही पाहायचं होतं. माय डोक्यावर पदर घेऊन बायांत उभी होती, आणि तिच्या हातात एक नवा शिवलेला लंगोट होता. तिच्या जुन्या लुगड्याचा, लाल काठ तसाच. रात्री तिने तो कधी शिवला ते कोणाला दिसलं नाही. कोणासाठी, ते सगळ्यांना दिसत होतं.

गुलाबचंद आला. घड्याळ पाहिलं. मोजलं. पुन्हा उलट्या बाजूने मोजलं.

"छह," तो म्हणाला.

बाप मारुतीसमोर उभा होता. उजवा हात मांडीवर, डावा पोटाशी.

"सहाच आहेत, शेठ."

गुलाबचंदला इतक्या लौकर जिंकायची सवय नसावी. तो जरा गडबडला. त्याने कुंपणाबाहेर मला पाहिलं.

"अरे, तुमचा मुलगा आहे ना? उतरवा त्याला. सात होतील. मी काही दात-बीत बघत नाही वस्ताद. मेरी तरफ से मंजूर."

माय एक पाऊल पुढे आली. लंगोट तिने माझ्याकडे केला. गावातले चार जण "घाल रे, घाल" म्हणाले. मी कुंपणाच्या बांबूवर एक पाय ठेवला. आणि बापाकडे पाहिलं.

बापाच्या कपाळावर घाम होता. पाऊस थांबलेला, ऊन नव्हतं, मेहनत कसलीच नव्हती. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग शेजारच्या सहा पोरांकडे, मग मातीकडे.

"पाय खाली घे बाबू," तो म्हणाला. "तुहा दात नाही पडला."

मी पाय खाली घेतला. मायने लंगोटाची घडी केली. ती घडी मला आजही दिसते. चार पदरी, नीट, जसा तो कोणा गेलेल्या माणसाचा होता.

गुलाबचंदने छत्री काखेत मारली. "तो फिर मंगळवार," तो म्हणाला, पण त्याचा आवाज जरा खाली आला होता. तेवढ्यात आखराकडून ढोरं हंबरायला लागली. रोज ज्या वेळी ती रानाकडे हलतात ती वेळ होऊन गेली होती, आणि त्यांना हलवणारा तिथे नव्हता. तो कुंपणाच्या वाटेने येत होता. काठी खांद्यावर, घोंगडं डोक्यावर, आणि ओंजळीत पळसाचं पान.

"वस्ताद गा," टिकाराम म्हणाला. त्याचे शब्द आज वेगळेच येत होते, वाऱ्यासारखे, मधे अडायला काही नसल्यासारखे. "पडला."

"काय पडला?"

"दात. सकारी पेज पेताना. पेजेत कना पन नव्हता."

गावात कोणीतरी खिदळलं. बाप हसला नाही. त्याने पान घेतलं, उघडलं. लांब, तपकिरी, बिडीच्या डागांचा दात. अंगठा फिरवला. अंगावरून, धारेवरून, मुळावरून. डोळे मिटून. मग टिकारामच्या दोन्ही ओठांवर अंगठे ठेवले आणि मान उजेडाकडे केली. टिकारामनेही गोऱ्ह्यासारखं तोंड उघडलं, आणि बराच वेळ उघडंच ठेवलं.

"ओढला नाही ना?"

"मारुतीची आन."

"पिकून पडला," बाप म्हणाला. सगळ्या गावाला सांगितल्यासारखं. "आत ये."

"अरे, ये तो बुढ्ढा है!" गुलाबचंद ओरडला.

"शेठ, तुमच्या काकाजीनं शिकनारे सात म्हटलं होतं. वय नव्हतं सांगतलं." बाप टिकारामकडे वळला. "शिकशीन का?"

"त्याच्यासाठीच तं आलो," टिकाराम म्हणाला.

मायने चार पदरी घडी उलगडली. टिकाराम मारुतीच्या आडोशाला गेला आणि लाल काठाचा लंगोट लावून आला. सत्तर वर्षांची बारीक बरगडी, रानाने काळे केलेले पाय, गुडघ्यांवर जुन्या काट्यांच्या खुणा. लंगोट माझ्या मापाचा होता. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. बायांनी माना वळवल्या. बापाने त्याचा दात वीतभर खोल पुरला. टिकारामने मातीला हात लावून कपाळी लावला, खेमराजच्या बाजूला सातवा उभा राहिला, आणि खेमराजने त्याला सांगितलं, "हात अशे ठेव. पयल्या दिवशी पडाले शिकवतेत."

बापाने त्याच्या कमरेखाली हात घातला आणि, पेंडी ठेवावी तितक्या हळू, त्याला मातीत ठेवलं. टिकाराम पाठीवर पडला. उठला नाही. आम्ही घाबरलो. मग दिसलं, तो हसत होता. तोंडात एकही दात नसलेलं, अगदी तान्ह्या पोरासारखं.

गुलाबचंद आणखी काही बोलणार होता. त्याचं तोंड उघडलेलंही होतं. पण आखरावरची सत्तर-ऐंशी ढोरं वाट पाहून थकली होती, आणि हिरडाटोल्यात सगळ्यात जवळची, सगळ्यात ताजी रोवलेली बांधी कोणाची, हे ती आमच्यापेक्षा चांगलं जाणून होती.

"शेठ, तुमचं धान!" कोणीतरी ओरडलं.

गुलाबचंद छत्री उगारून धावला. त्याच्यामागे गाव, गावामागे सहा पट्ठे, त्यांच्यामागे मी. टिकाराम मातीत पडल्या पडल्याच म्हशींना नावं घेऊन हाका मारत होता, आणि त्या ऐकून मान वर करत, पुन्हा खाली घालत. आम्ही पोटरीभर चिखलात पळालो, पडलो, ओरडलो. एक म्हैस गुलाबचंदच्या छत्रीला भ्याली नाही, उलट तिने छत्रीच खाऊन पाहिली. अर्धी बांधी वाचली. एक जोडा सापडला नाही, तो अजून तिथेच असेल.

चिखलाने माखलेला गुलाबचंद एका पायात जोडा घालून आखाड्याशी परत आला. बाप आणि टिकाराम मातीत बसले होते. बाप त्याला पंजा कसा धरायचा ते दाखवत होता.

"सात झाले," गुलाबचंद म्हणाला. "मंजूर. पर वस्ताद, तुमच्या सातव्याला सांगा, आधी ढोरं. मग पहलवानी."

पुढे त्याने गिरणी गाडीवाटेच्या पलीकडे टाकली. कित्येक वर्षं पहाटे इकडून "बजरंगबली" आणि तिकडून गिरणीची धडधड एकदमच सुरू होई. पहिली नवी चाळणी लागली तेव्हा त्याने मूठभर तांदूळ मारुतीला पाठवले. त्या तांदळात अर्धी कणी होती. बाप म्हणाला, गिरणीही अजून दुधावर आहे.

माझा दात पोळ्याच्या दिवशी पडला. जांभई देताना. मी तो पानात बांधून नेला. बापाने चाचपला, पुरला, आणि मला टिकारामच्या खाली उभं केलं. "हा तुह्या आधीचा आहे," तो म्हणाला. पंचवीस दिवसांनी आधीचा. टिकारामने मला हात कसे ठेवायचे ते शिकवलं, खेमराजने त्याला शिकवलं होतं तसेच, चुकीचे.

त्यानंतर गावाची ढोरं आखरावरून अर्धा तास उशिरा निघत. बाया कुरकुरायच्या, दूध उशिरा येते म्हणायच्या. पण निघतच. टिकाराम चार पावसाळे शिकला. त्याला एकच डाव आला, आणि तो त्याने रानात एका वळूवर करून पाहिला असं तो सांगे. वळूचं काय म्हणणं होतं ते कळलं नाही. पाचव्या पावसाळ्याच्या आधी, उन्हाळ्यात, तो आखरावरच, काठी मांडीवर घेऊन, बसल्या बसल्या गेला. ढोरं त्या दिवशी कुठेच गेली नाहीत. त्याच्याभोवती उभी राहिली.

आता बापाला दिसत नाही. नागपंचमीच्या आदल्या दिवशी माती मी खणतो, आणि तो मारुतीशी बसून कुदळीचा आवाज ऐकतो. मातीतून दात वर येतात. बारीक, पांढरे, कणीसारखे, कोणाचा कुठला ते मारुतीलाही सांगता येणार नाही. एक मात्र दरवर्षी ओळखू येतो. लांब, तपकिरी. या खेपेसही आला. मी तो लंगोटाला पुसून बापाच्या तळहातावर ठेवला. त्याने अंगठा फिरवला. अंगावरून, धारेवरून, मुळावरून.

"खोल टाकजो," तो म्हणाला. "थे पोट्टं लय उशिरा आलं होतं."